ओमाआजी, तू ओठांवर बोट ठेवलंस तेव्हा

प्रिय ओमाआजी,

चारचौघांत पत्र लिहिताना 'तुम्ही' म्हणायला हवं, कळतं मला. पण आपल्या ऑनलाइन गप्पांच्या दुसऱ्याच रविवारी तू म्हणालीस, आता जर्मनमधलं 'झी', म्हणजे तुम्ही, पुरे; 'डू', म्हणजे तू, म्हण. मी तुला सांगितलं की आमच्याकडे आजीला तूच म्हणतात, तुम्ही म्हणायचं ते आजोबांना. किती हसलीस तू! मग वहीत लिहूनही घेतलंस. नातू तुला जर्मनमध्ये ओमा म्हणतो, सून त्याला आजी म्हणायला शिकवते, त्यातून मी माझी ओमाआजी करून घेतली.

परवा निकाल आला. जर्मनच्या बी-टू पातळीच्या परीक्षेतलं बोलणं सुटलं! वाचन, ऐकणं, लेखन आधीच सुटलं होतं. बोलण्यात मात्र मागच्या वेळी शंभरातले साठही पडले नव्हते. तुला फोन केला तेव्हा मला रडूच आवरेना, काही धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम मराठीत.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि आमच्याकडे नर्सिंग झालेल्या मुलींच्या घरोघरी जर्मनीचा विषय निघायला लागला. मीही क्लास लावला. त्याचं नाव घेत नाही. फीसाठी बाबांनी पतसंस्थेतून पैसे उचलले. सहा महिन्यांत तिथे पंधरा उतारे पाठ करून घेतले : माझा आवडता प्रवास, मोबाइलचे फायदे-तोटे, असले. उभं राहून म्हणायचे. अडलं की सर पुढचा शब्द टाकायचे, परत अडलं की 'बस खाली'. परीक्षेत समोरच्या मुलाने मला साधं विचारलं, 'तुला असं का वाटतं?' आणि माझ्याकडे सोळावा उतारा नव्हता.

मी अठ्ठावीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळी करते. पहाटे तीनला सलाइन अडलं तर काय करायचं ते मला कुणी सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी पुण्याहून मिरजेला परतताना गाडीत वाटलं, आपण मुक्या आहोत.

आणि मग तू भेटलीस. तुला मराठी हवी होती ती विहीणबाईंशी बोलायला, सुनेला मधे न घालता. विहीण म्हणायला तुमच्या रोजच्या भाषेत सुटसुटीत शब्द नाही, सुनेची आई असं लांबण लावावं लागतं, याचं तुला वाईट वाटायचं. अर्धा तास जर्मन, अर्धा तास मराठी. तुमच्याकडे याला टँडेम म्हणतात, दोघांनी मिळून चालवायची सायकल, हे तूच सांगितलंस. १९९० च्या दशकात बोखुमच्या विद्यापीठातून अशा जोड्या ईमेलवर जुळवायचे, तेव्हाही दोन्ही भाषांना सारखाच वेळ द्यायचा नियम होता म्हणे. शिकवणीला गेल्यासारखं मला कधीच वाटलं नाही ते त्यामुळेच असेल. अर्ध्या तासानंतर तू माझी विद्यार्थिनी व्हायचीस.

आपला चौथा की पाचवा रविवार. तुझ्याकडे दुपारचे तीन, माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात. तू विचारलंस, काल रात्री ड्यूटीवर काय केलंस? लकवा मारलेल्या एका आजोबांची दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून, एवढंच सांगायचं होतं मला. 'मी आजोबांना' इथपर्यंत आले आणि शब्द गेला. 'ड्रेएन' म्हणून पाहिलं, पण ते नुसतं फिरवणं झालं, तव्यावरची भाकरी फिरवावी तसं. सवयीने मान खाली घातली आणि तू शब्द टाकायची वाट पाहत राहिले.

काहीच ऐकू येईना. नेट गेलं असं वाटून वर पाहिलं, तर तुझ्या मागे खिडकीचा पडदा हलत होता. आणि तू उजव्या हाताचं बोट ओठांवर घट्ट दाबून बसली होतीस. स्वतःला गप्प ठेवायला! बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तुला तो शब्द येत होता. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात तूही रात्र-रात्र तेच केलं होतंस, हे मला पुढे कळलं. किती वेळ गेला देव जाणे, अर्धं मिनिट तरी नक्की. मग आला : उमलागर्न, कूस बदलणं. 'इश हाब ईन उमगेलागर्ट.' तू बोट खाली घेतलंस आणि विचारलंस, 'मग आजोबांना झोप लागली का?' शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. मी बोलणार हे तू धरूनच चालली होतीस.

आजी, इतकी वर्षं शाळेत, कॉलेजात, क्लासात माझ्या तोंडातून वाक्य बाहेर यायची अशी वाट कुणीही पाहिली नव्हती.

त्या दिवशी तुझ्या अर्ध्या तासात तू 'कूस' मागून घेतलास. अंगाची बाजू ती कूस आणि आईचं पोट तेही कूस, म्हटल्यावर तू चष्मा कपाळावर सरकवून वहीवर वाकलीस आणि क ला दीर्घ ऊकार काढलास. आकड्यांत तर आपण सख्ख्याच निघालो. बीपी १३५ असलं की तुमच्याकडे शंभरानंतर आधी पाच, मग तीस, अगदी आमच्या पस्तीससारखं. क्लासात हे 'उलटे आकडे' म्हणून घोकून घेतले होते. उलटे कसले, आमचेच की! (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा इथे केवढा वाद पेटला होता, ते तुला सांगायचं राहिलंय.) तू अडलीस ती एकोणसाठला. आणि मी काय केलं? लगेच सांगून टाकलं. तू 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हणालीस, पण माझ्या मनाला लागलं. बोट ओठांवर ठेवायला किती जोर लागतो, ते तेव्हा कळलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं तासभर पुढे गेली आणि मी आपली नेहमीसारखी साडेसातला आले. तू साडेसहापासून स्क्रीनसमोर बसून होतीस, विणकाम घेऊन. एका शब्दाने बोलली नाहीस.

आमच्या वॉर्डात एक मावशी आहेत. लकव्याने बोबडं झालेलं माणूस काही सांगू लागलं की हातातला ट्रे खाली ठेवतात आणि वाक्य संपेपर्यंत उभ्या राहतात. बाकी आम्ही सगळ्या 'हो हो, पाणी ना?' करून पुढे. मावशींना मी रोज बघत होते, पण त्या काय करतात हे मला तुझ्यामुळे दिसलं. आता मीही ट्रे ठेवते. परवा एका काकांना पाणी नकोच होतं, खिडकी उघडून हवी होती.

या वेळी परीक्षेत समोरच्या मुलीने विचारलं आणि मधेच माझा शब्द गेला. मी मान खाली घातली नाही. तुझं बोट आठवलं, थांबले, आणि शब्द आला.

पाण्याच्या ग्लासालाही तुम्ही 'डांके' म्हणता. आमच्याकडे आईला कुणी धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर तिला परकं वाटेल. म्हणून तुझे आभार कुठल्या शब्दात मानावेत, मला अजून उमगलेलं नाही.

रविवारी हे पत्र मला मोठ्याने वाचून दाखव. 'चारचौघांत'ला अडखळशील, 'लकवा' तुला नवीन आहे. मी शब्द सांगणार नाही हं.

तुझी,
मिरजेची नात