बाबा, बोगद्यानेच जा

मुंबई,
दि. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर तुम्ही दोघांनीही "बदली मागून घे, नाहीतर ऑफिसातले टेबल माग" असे सांगितले आणि मी "बघते" एवढेच म्हणून फोन ठेवला, ते नंतर माझे मलाच बरे वाटले नाही. फलाटावर मला ढकलल्याचा तो व्हिडिओ गावातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर तुमच्यासमोर आला आणि माझ्या तोंडून मात्र महिनाभर तुम्हाला काही कळले नव्हते, ही चूक माझीच. पण चाळीस सेकंदांच्या त्या व्हिडिओत आधीचे काही नाही आणि नंतरचेही नाही. आज स्टेशनमास्तरची सकाळपाळी करून लवकर घरी आले आहे, तेव्हा सगळे सविस्तर लिहिते. शेवटी बाबांकडे एक मागणे आहे. ते आधी वाचू नका.

ऑगस्टमधली गोष्ट आहे. पावसाने दुपारपासून सिग्नल अडखळत होते आणि संध्याकाळी सहानंतर आमच्या स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. घरी जाणारी फास्ट लोकल दोन नंबरवर येणार म्हणून अनाउन्समेंट झालेली होती, आणि गाडीला जेमतेम तीन मिनिटे उरली असताना ती चार नंबरवर घेत असल्याचा निरोप कंट्रोलकडून आला. असा बदल आम्ही हौसेने करत नाही. पण भिजलेल्या, दिवसभर राबून आलेल्या माणसाला तो आपली थट्टा केल्यासारखाच वाटतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. पुलाच्या जिन्यावर गर्दी तुंबली तशी दोन नंबरच्या टोकाला माणसे सरळ रुळांत उतरू लागली. त्याच रुळांवरून लांब पल्ल्याची एक गाडी न थांबता जाणार होती. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते.

मी शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन टोकाकडे धावले. तीन-चार जण माझा आवाज ऐकून मागे फिरले. एक पस्तिशीतला गृहस्थ, बॅग पोटावर अडकवलेला, स्वतः खाली उतरून फलाटावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला हात देत होता. मूल सहा-सात वर्षांचे असेल, गळ्यात पाण्याची निळी बाटली. मी मुलाचा दंड धरून त्याला मागे ओढले आणि बापाला वर या म्हणून ओरडले. तो वर आला, पण माझ्यावर चालून यायला आला. "माझ्या पोराला हात लावतेस?" यापुढे तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, आई, व्हिडिओत तू ते ऐकलेच आहेस. त्याने मला ढकलले, मी खांबावर आदळले, वॉकीटॉकी हातातून सुटला आणि मनगट मुरगळले. व्हिडिओ सुरू होतो तो इथून. गाडी धडधडत गेली ती त्यानंतर, आणि तोवर चित्रण करणाऱ्याने हात खाली घेतला होता. गाडी गेल्यावर मी खाली पाहिले तर त्या गृहस्थाची एक चप्पल दोन रुळांच्या मध्ये खडीवर पडलेली होती. ती त्यानेही पाहिली. तो एकदम गप्प झाला आणि मुलाच्या बाटलीचे झाकण उगाच घट्ट करत राहिला.

लोहमार्ग पोलिसांच्या चौकीत तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, नोकरी जाईल, मिटवून घ्या." आमच्यातल्याही एक-दोन वडीलधाऱ्यांनी तोच सल्ला दिला, कारण तक्रार केली की जबाब, तारखा आणि रजेचे अर्ज हे सगळे तक्रार करणाऱ्याच्याच वाट्याला येते. मला त्या माणसाचा राग आला नव्हता असे नाही, पण मी तक्रार दिली ती रागापोटी दिली नाही. आमच्या हमालापासून बुकिंग खिडकीवरच्या मुलीपर्यंत प्रत्येकाने महिन्यातून दोन-चारदा शिव्या खाल्लेल्या असतात, कोणाची कॉलर धरलेली असते, कोणाच्या खिडकीवर नाणी फेकून मारलेली असतात, आणि यातले बहुतेक कुठेच नोंदले जात नाही. नोंदच नसेल तर संध्याकाळच्या वेळी दोन नंबरच्या टोकाला आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, एक जवान कायम द्या, असे मी कोणत्या कागदाच्या आधारावर मागणार? तक्रार दिल्यानंतर तो जवान तिथे उभा राहू लागला आहे. सध्या तरी.

कायद्यात तरतूद नाही असे नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४५ शिवीगाळ आणि उपद्रव करणाऱ्यासाठी आहे, १४६ कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणणाऱ्यासाठी आणि १४७ हक्क नसताना रुळांत शिरणाऱ्यासाठी. पण या शेवटच्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिलेली असली, तरी दंडाची मर्यादा हजार रुपयांचीच आहे. तो कायदा झाला तेव्हा हजार रुपये म्हणजे गँगमनचा महिन्याचा पगार होता, असे बाबा, तुम्हीच सांगता. आज तेवढ्यात चार जणांचे हॉटेलातले जेवणही होत नाही.

आई, तू विचारलेस की अशा लोकांना तू तोंड कसे देतेस. खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी मला अजिबात जमत नव्हते. मी वाद घालत असे आणि नंतर स्टोअररूममध्ये जाऊन रडत असे. हळूहळू काही गोष्टी कळल्या. गाडी उशिरा असताना ऑफिसात घुसलेल्या जमावातला सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस बहुधा धोक्याचा नसतो. त्याला फक्त कोणीतरी ऐकायला हवे असते. त्याला खुर्ची दिली आणि तक्रारवही पुढे केली की लिहिता लिहिता त्याचा आवाज उतरतो. मागे उभा राहून न बोलता पुढे सरकणाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. टेबल मध्ये असावे, आपली पाठ दाराकडे नसावी आणि जे आपल्याला माहीत नाही ते कधीही सांगू नये. "पाच मिनिटांत येईल" असे सांगितलेली गाडी पंधरा मिनिटांनी आली, तर त्यानंतर खरे बोललेलेही कोणी ऐकत नाही. उलट "गाडी मागच्या स्टेशनात उभी आहे, कारण अजून कळलेले नाही" एवढेच दर दोन मिनिटांनी माइकवरून सांगत राहिले तरी निम्मा फलाट शांत राहतो. (लोकांच्या मोबाइलवरच्या अॅपला पुष्कळदा माझ्याआधी सगळे कळलेले असते, हा अपमान वेगळाच.) लोकांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, तोंड तेवढे वाईट असते, हे धरून चालले की पाळी निभते. हात उचलला गेला तर मात्र मिटवामिटवी करायची नाही, एवढे मी आता ठरवले आहे.

"हे बायकांचे काम नव्हे" असेही तू म्हणालीस. साताऱ्याकडच्या सुरेखा यादव १९८९ साली, म्हणजे तो कायदा झाला त्याच वर्षी, रेल्वेत सहायक चालक झाल्या. देशातल्या पहिल्या महिला इंजिनचालक म्हणून त्यांनी घाटातल्या गाड्या चालवल्या आणि याच महिन्याअखेर त्या निवृत्त होत आहेत. माझे काम त्यांच्या कामापुढे काहीच नाही. ऑफिसातले टेबल मी मागणार नाही, आई. मनगट बरे आहे, पोळ्या लाटताना थोडे दुखते, इतकेच.

आता बाबांकडे वळते.

बाबा, मुंबईच्या लोकलमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. माझ्या पाळीत असे झाले की मेमो मी लिहिते, हमालांना स्ट्रेचर घेऊन मी पाठवते आणि खिशातला फोन वाजत असेल तर तो उचलू नका असेही मीच सांगते, कारण घरच्यांना कळवायचे ते पोलिसांनी. या माणसांत दारुडे आणि टवाळ फार नसतात. रोज त्याच जागेवरून ओलांडणारी, वर्षानुवर्षांच्या सवयीची माणसेच जास्त असतात. पायाला वाट इतकी पाठ झालेली असते की डोळे वर उचललेच जात नाहीत.

मागच्या महिन्यात आई फोनवर सहज बोलून गेली की फाटक बंद होऊन रुळांखालून बोगदा झाल्यापासून तुम्ही रोज पहाटे दुधाची बरणी घेऊन किलोमीटरच्या दगडाजवळून सरळ रूळ ओलांडता, कारण बोगद्याने गेले तर पाऊण किलोमीटरचा फेरा पडतो आणि पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचते. पाणी साचते हे खरेच आहे. बोगदे बांधताना पाण्याच्या वाटेचा विचार कोणी केला नाही, हे मी रेल्वेत असूनही मान्य करते. पण तुम्ही कीमन म्हणून रोज रूळ तपासत होतात तेव्हाचा तो सेक्शन आता राहिलेला नाही. इगतपुरी ते भुसावळ आता गाड्या ताशी १३० किलोमीटरने पळवतात, म्हणजे एका सेकंदात छत्तीस मीटर. तुम्ही एक रूळ ओलांडून दुसऱ्यावर पाय ठेवेपर्यंत ती शंभर मीटर जवळ आलेली असते, आणि ड्रायव्हरने तुम्हाला पाहून त्याच क्षणी ब्रेक लावला तरी ती थांबायला किलोमीटरभर लागतो. समोरून येणारी गाडी डोळ्यांना फक्त मोठी होताना दिसते, सरकताना दिसत नाही, म्हणून तिचा वेग कळत नाही. विजेच्या इंजिनाचा आवाजही जुन्या डिझेलसारखा अर्धा मैल आधी येत नाही. त्यात तुमचा डावा कान. तिसरी लाइन पडते आहे, म्हणजे कोणती गाडी कोणत्या बाजूने येईल याचा तुमचा चाळीस वर्षांचा हिशेबही चुकणार.

पुष्पक एक्सप्रेसचे तुम्हाला मी सांगायला नको. या वर्षी २२ जानेवारीला ते परधाड्याजवळ झाले, आपल्या पाचोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, माणसे जीव वाचवायला म्हणून दुसऱ्या बाजूला उतरली आणि शेजारच्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसे गेली. तुम्ही त्या संध्याकाळी मला फोन करून म्हणाला होतात, "वळणावर उतरले बिचारे, त्यांना दिसणार कसे?" तुमच्या किलोमीटरच्या दगडाजवळही वळणच आहे, बाबा. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन तिथे येत असे, तेव्हा तुम्ही मला सेसवर, म्हणजे रुळांकडेच्या पायवाटेवर, बाभळीखाली उभे करून ठेवायचात आणि एक गाडी गेली तरी हलू द्यायचा नाहीत. तिच्या आडून दुसरी येत नाही ना हे बघून मगच हातोडा खांद्यावर टाकून माझ्याकडे यायचात. शेळ्या घेऊन रुळांत येणाऱ्यांना तुम्ही ज्या शिव्या दिल्यात त्या आमच्या फलाटावरच्या कोणालाही जमणार नाहीत. त्यांनीही तुम्हाला उलट शिव्या दिल्या, एकाने तर दगड मारला होता, आणि तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला पुन्हा हाकललेत. त्या चप्पलवाल्या गृहस्थाचा मुलगा मी ओढला तेव्हा माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते, तीच बाभूळ होती.

म्हणून मागणे एवढेच की उद्यापासून दूध बोगद्याने जाऊन आणा. पाणी असेल त्या दिवशी जाऊच नका. डेअरीवाल्या काकांच्या नातवाला मी फोन केला आहे. तो सायकलवरून बरणी घरी पोचवील आणि त्याचे महिन्याचे पैसे मी पाठवीन. त्यावरून त्याच्याशी भांडू नका. बोगद्यातल्या पाण्याबद्दल ग्रामपंचायतीच्या ठरावासह एक अर्ज विभागीय कार्यालयाला द्यायला हवा. मसुदा मी तयार करते, सह्या तुम्ही गोळा करा. तुमच्याबरोबरचे निवृत्त झालेले सगळे सही करतील, कारण तेही त्याच दगडापासून ओलांडतात हे आईने मला सांगितले आहे.

आणि दिवाळीच्या आधी भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलात जाऊन कान तपासून घ्या. आई, त्यांचे उमीद कार्ड, म्हणजे रेल्वे हॉस्पिटलचे ओळखपत्र, कपाटात पेन्शनच्या कागदांखाली आहे, ते तू स्वतः पिशवीत घाल. त्यांच्यावर सोपवलेस तर ते घरीच राहील. मला भाऊबीजेला दोन दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. आले की पहाटे बाबांबरोबर दुधाला मी येईन, बोगद्यानेच.

तुमची,
ताई