पणजीत आपल्या गावाची एक कूड असावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की मला खोली सोडायची आहे. पणजीजवळच्या ताळगावातल्या या खोलीत मी जूनच्या पहिल्या आठवड्यात राहायला आले. पावसाळाभर खोली माझी आणि नोव्हेंबरपासून पर्यटकांची, हे घरमालकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. त्यांनी मला फसवले नाही, म्हणून त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. माझे महिन्याचे 7,000 रुपये भाडे त्यांना सीझनमध्ये चार-पाच रात्रींत मिळते. त्यांनाही घर दुरुस्त करायचे आहे, मुलीला शिकवायचे आहे. पण पणजी परिसरातली तीन वर्षांतली ही माझी चौथी खोली, आणि आता पाचवी शोधते आहे. शिकायला आलेल्या मुलामुलींनी काटकसर करावी असे सगळेच सांगतात. ती कुठपर्यंत पुरते आणि कुठे संपते, आणि पणजीत कूड, म्हणजे गावाने शहरात आपल्या माणसांसाठी घेतलेली राहायची जागा, का हवी, हे लिहावेसे वाटले म्हणून हे पत्र.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरीची. 19व्या शतकातल्या सत्तरीच्या जमीनमहसुलाच्या कागदपत्रांवर पीएच.डी. करते. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा उत्तीर्ण झाले, पण जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. जेआरएफ मिळणाऱ्याला 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, माझ्या वाट्याला त्यातले काही नाही. एका ठिकाणी लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, शिकवते, संध्याकाळी दोन शिकवण्या घेते. सरासरी 15,000 रुपये हातात येतात. एप्रिल-मेमध्ये लेक्चर नसतात, तेव्हा फक्त शिकवण्या. वसतिगृहात जागा मोजक्या आहेत आणि त्या नव्याने पदव्युत्तर शिक्षणाला येणाऱ्या मुलींना आधी मिळाव्यात, हे मलाही पटते. घरून ये-जा करून पाहिली. केरीहून साखळी, डिचोली करत पणजीला पोहोचायला दोन तास जातात, आणि संध्याकाळची शिकवणी संपवून निघाले की साखळीच्या पुढे जायला बस मिळेल याचा भरवसा नसतो. दोनदा बाबांना रात्री साखळीपर्यंत स्कूटर घेऊन यावे लागले. दुसऱ्यांदा मुसळधार पाऊस होता. त्यानंतर मी खोली घेतली.

हिशेबाची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. भाडे 7,000, वीज-पाणी 600, जेवणखाण 3,200, बस 1,400, फोन 300, झेरॉक्स आणि कागद 500. एकूण 13,000. उरलेले 2,000 एप्रिल-मेसाठी बाजूला पडतात.

3,200 रुपयांत महिनाभर कशी जेवते, असे मैत्रिणी विचारतात. ते आईमुळे शक्य होते. आमच्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत, म्हणजे टिकाऊ जिनसांचा साठा, भरायची रीत आहे. ती आईने माझ्या खोलीसाठीही सुरू केली. मे संपताना उकडे तांदूळ, कुळीथ, सोलं (आमसुलं), कोकमाच्या आगळाची बाटली, खारवलेले बांगडे, सुकट, लोणच्याची बरणी आणि घरच्या माडांचे नारळ असे सगळे एका पोत्यात आणि एका पत्र्याच्या डब्यात भरून येते. गणेश चवथीला घरी गेले की पुन्हा भरणा होतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा, एवढ्यावर दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. रात्री कुळथाची पिठी आणि भात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचे भाव ऐकूनच मी पुढे जाते. ऑगस्ट उलटून तारले स्वस्त झाले की आठवड्यातून एकदा आणते. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घेते, तिथे कांदा-बटाटा बाजारापेक्षा कमी दराने मिळतो. कधी म्हापशाला काम निघाले तर ते शुक्रवारी ठेवते, म्हणजे बाजारही होतो. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की दोन पोया घेते. कुंड्याची पोयी, म्हणजे गव्हाच्या कोंड्याची गोल रोटी, संध्याकाळपर्यंत पोटाला आधार देते, पावापेक्षा कितीतरी बरी.

सुट्टीचा दिवस पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जातो. हे ग्रंथालय 1832 साली सुरू झालेले, देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे पुस्तके आहेत, पंखा आहे, उजेड आहे, शांतता आहे. वीजबिल 600च्या आत राहते ते त्यामुळेच. पुराभिलेखातले कागद शक्यतो झेरॉक्स न करता हाताने उतरवून घेते. त्यात वेळ जातो, पण पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायची सवय मला त्यातूनच लागली. या सगळ्याचा मला त्रास वाटत नाही. खरे सांगायचे तर पेज आणि खाऱ्या बांगड्याची ती सकाळ मला आवडते.

या वहीत वर्षातून एकदा एक वेगळे पान येते. नवी खोली मिळवून देणाऱ्याला एका महिन्याचे भाडे 7,000 आणि सामान हलवायला टेंपो 1,500. हे 8,500 रुपये परत मिळत नाहीत. नव्या अनामतीसाठी दोन महिन्यांचे भाडे उसने घ्यावे लागते ते निराळेच. असे तीनदा झाले. 8,500 गुणिले तीन म्हणजे 25,500 रुपये. माझे आठ महिन्यांचे जेवण. तांदळाच्या प्रत्येक मुठीत, बसच्या प्रत्येक तिकिटात राखलेले पैसे एका टेंपोच्या फेरीत गेले. शिवाय खोली शोधण्यात दर वेळी महिनाभर अभ्यास बुडतो. मागच्या वर्षी याच दिवसांत माझे एक प्रकरण लिहून व्हायचे होते. ते फेब्रुवारीत झाले. वेळेवर न लिहिलेले प्रकरण मी कुठल्या रकान्यात मांडू?

आता मूळ मुद्दा. आमच्या घरमालकांचे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. आयुष्यभर बोटीवर तारवटी (खलाशी) होते. संध्याकाळी बालकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसलेले असतात, मी आले की हाक मारतात. मी त्यांना अंकल म्हणते. बोटीवर नोकरी लागण्याआधी ते मुंबईत धोबीतलावला आपल्या गावच्या कुडीत राहिले होते. कूड म्हणजे गावाने मुंबईत घेतलेली जागा. तिथे गावच्या माणसाला एक पेटी आणि एक चटई ठेवण्यापुरती जागा, महिन्याची नाममात्र वर्गणी, भिंतीशी अल्तार (वेदी) आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना). धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गोव्यातल्या गावांच्या अशा अनेक कुडी होत्या, काही अजून आहेत. पैसे कसे भागवत होता, असे मी विचारले, तेव्हा अंकल म्हणाले, "बाय, पयशे नासले तरी कूडींतल्यान कोणाक भायर काडनासले." म्हणजे, पैसे नसले तरी कुडीतून कोणाला बाहेर काढत नसत.

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या लोकांना मुंबई परकी होती, महाग होती. म्हणून गावाने आपल्या मुलासाठी तिथे छप्पर धरून ठेवले. ती माणसे श्रीमंत नव्हती. खलाशी, आचारी, शिंपी, वादक अशांच्या वर्गणीवर ते चालले. तेव्हा शिकायलाही गोव्याबाहेरच जावे लागे. गोव्यात कला-विज्ञानाची महाविद्यालये मुक्तीनंतर 1962 साली निघाली आणि स्वतःचे विद्यापीठ 1985 साली झाले. आज शिक्षण पणजीजवळ आले. पण केरीच्या, वाळपईच्या, काणकोणच्या, पेडण्याच्या आतल्या गावांतल्या मुलीला पणजीत राहणे त्या काळच्या मुंबईइतकेच अवघड झाले आहे. आणि इथे तिच्या गावाची कूड नाही.

विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी खोली द्यायला घरमालक का कचरतात, याचाही विचार केला पाहिजे. 1968 चा भाडे नियंत्रण कायदा आणि 1975 चा मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे) संरक्षण कायदा यांनी कितीतरी गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. ते योग्यच झाले. पण एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही, ही भीती तेव्हापासून घरमालकांच्या मनात बसली आहे. खोलीभर पुस्तके घेऊन आलेली मुलगी मुंडकार होत नाही, हे कितीही समजावले तरी ती भीती जात नाही. ताळगावात, सांताक्रुझमध्ये, पणजीतही अशी कुलुपबंद घरे मी खोली शोधताना रोज पाहते. करार एकट्या मुलीशी नसून देवस्थानाशी, चर्चशी, गावच्या एखाद्या नोंदणीकृत मंडळाशी असेल, तर यातले काही दरवाजे उघडतील असे मला मनापासून वाटते. मंडळ भाडे वेळेवर देईल, मुदत संपताच जागा परत करील, मुली बदलत राहतील.

हे आपल्याला जमण्यासारखे आहे. देवस्थाने अग्रशाळा (भाविकांना उतरायच्या जागा) चालवतात, त्यांना खोल्या, किल्ल्या, पाणी, नोंदवही यांची व्यवस्था ठाऊक आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून खेड्यातल्या मुलामुलींना राहायला जागा देते, आणि तिथली मुले स्वतःही काम करतात. सरकारने वसतिगृहे वाढवावीत, हे मागणे आहेच. त्याला वर्षे लागतील, आणि माझी मुदत दिवाळीपर्यंत आहे.

आमच्या गावात देवस्थानाच्या पुढच्या सभेत माझे काका हा विषय मांडणार आहेत. त्यांनी माझ्याकडे खर्चाचा अंदाज लिहून मागितला. तो असा आहे. सहा मुलींसाठी दोन शयनगृहांचा फ्लॅट, भाडे साधारण 24,000. वीज-पाणी 3,600. महिन्याचे 27,600. प्रत्येक मुलीने 2,500 दिले तर 15,000 जमतात, उरतात 12,600. वर्षाचे 1,51,200. 500 घरांच्या गावात घरामागे वर्षाला 300 रुपयांच्या आसपास पडतात. लहान गावे असतील तर तीन-चार गावांनी मिळून करावे. अनामतीचे 48,000 पहिल्या वर्षी एकदाच लागतील, आणि जागा सोडताना ते परत मिळतील. स्वयंपाक मुली पाळीने करतील. तांदूळ, नारळ, सोलं प्रत्येकीच्या घरून येतील, त्याचा आकडा मी धरलेला नाही.

काकांनी विचारले, मुलांचे काय? त्यांच्यासाठी दुसरा फ्लॅट, असे मी लिहून दिले आहे. मुलींचा आधी व्हावा असेही लिहिले, कारण रात्री साखळीला अडकल्यावर मुलगा कोणाच्या तरी गाडीवर बसून घरी येतो, आणि मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. आमच्या वाड्यावरच्या दोघींचे तसे थांबले आहे. त्यांतली एक बी.एस्सी.ला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवून होती.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
केरी, सत्तरी (सध्या ताळगाव)