'व्हीलचेअर मिळते' म्हणजे नेमकं काय मिळतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला युरोप सहलीवरचा लेख वाचला. लेख छान आहे, फोटो तर फारच छान. शेवटी चौकटीत एक ओळ होती : 'दिव्यांग व ज्येष्ठांनी काळजी करू नये, बहुतेक ठिकाणी व्हीलचेअर मिळते.' ही ओळ गेल्या ११ वर्षांत मी इतक्या ठिकाणी वाचली आहे की ती मला पाठ झाली आहे. तिच्याबद्दलच थोडं लिहायचं आहे.

व्हीलचेअर मला कोणी द्यायला नकोच आहे. ती माझी माझ्याकडे आहे. मणक्याला इजा झाल्यापासून मी तिच्यात बसते, आणि ती माझ्या मापाने करून घेतलेली आहे : बैठकीची रुंदी, पाठीची उंची, पाय ठेवायची पट्टी, सगळं. विमानतळावरच्या खुर्चीत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून दिवसभर हिंडणं. मला विचारायचं असतं ते वेगळंच. ही खुर्ची दारातून आत जाईल का? आत गेल्यावर वळेल का? आणि वळली तर कमोडच्या शेजारी उभी राहील का? माझ्या खुर्चीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या, हाताने फिरवायच्या कड्यांसकट ६४ सेंटिमीटर आहे. मी २६ वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे शब्दापेक्षा आकड्यावर माझा भरवसा जास्त, हा माझा दोष समजा.

पॅरिसला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र मी शब्दावर विसंबले. हॉटेलच्या संकेतस्थळावर 'अ‍ॅक्सेसिबल रूम' लिहिलं होतं, निळ्या खुर्चीचं चिन्हही होतं. खोलीचं दार ८४ सेंटिमीटर, उत्तम. लिफ्ट मोठी, बोळ रुंद. न्हाणीघराचं दार ६३. एक सेंटिमीटर कमी! रात्रीचे साडेदहा वाजलेले, दिवसभराचा प्रवास झालेला, आणि मी त्या दारासमोर. काउंटरवरचा मुलगा वर आला, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "पण ही आमची अ‍ॅक्सेसिबल रूमच आहे." त्याचं चुकीचं नव्हतं. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

तोडगा माझ्या नवऱ्याने काढला. दार ९० अंशांत उघडलं की त्याची जाडी चौकटीच्या आत येते आणि तेवढी वाट खाते. बिजागऱ्यांतून दारच काढलं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलचा दुरुस्तीवाला आला, दार उचलून बोळात भिंतीला टेकवून ठेवलं, आणि चौकट ६७ भरली. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर. एवढ्या फटीत कड्यावर हात ठेवून खुर्ची ढकलता येत नाही, बोटांची सालटी निघतात. मग मी दोन्ही हातांनी चौकट धरून स्वतःला आत ओढायचं आणि नवऱ्याने मागून ढकलायचं. दाराच्या जागी चादर. लग्नाला ३५ वर्षं झालेली असल्यामुळे चार रात्री निभावलं, पण सोबत दुसरं कोणी असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न उरतोच. आणि ती पहिली रात्र कशी काढली ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून खोली ठरवण्याआधी मी हॉटेलला ईमेल लिहिते. 'तुमची खोली अ‍ॅक्सेसिबल आहे का' हे विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. मी विचारते : न्हाणीघराचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी वाट किती सेंटिमीटर? शॉवरच्या जागेला उंबरा आहे का, असल्यास किती उंच? कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे, उजव्या की डाव्या? (मला डावी लागते. उजवा खांदा आता थकला आहे.) गादीसकट पलंगाची उंची किती? रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? आणि टेप लावून काढलेला फोटो पाठवाल का? टेपचा फोटो मागितला की हॉटेलांचे दोन गट पडतात. काही जण त्याच दिवशी पाठवतात. काही जण स्वागतकक्षातल्या फुलदाणीचा फोटो पाठवतात. दुसऱ्या गटात मी जात नाही, मग तिथे कितीही सवलत असो.

'फक्त दोन पायऱ्या आहेत, आमचा माणूस मदत करेल' हे उत्तर सगळ्यात धोक्याचं. पायरी साधारण १६ सेंटिमीटरची धरा, दोन पायऱ्या ३२. चाकाच्या खुर्चीसाठी सर्वमान्य उतार १ : १२, म्हणजे ३२ सेंटिमीटर चढायला ३८४ सेंटिमीटरचा रॅम्प हवा. जवळजवळ चार मीटर. एका ठिकाणी आमच्यासाठी मीटरभर लांबीची फळी आणून टाकली होती. तिला रॅम्प म्हणायचं तर घसरगुंडीला जिना म्हणावं लागेल. सातवीतली मुलंसुद्धा हे गणित करतील.

अमेरिकेत गोष्टी सोप्या आहेत, कारण तिथे १९९० सालचा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट आहे. दाराची मोकळी वाट किमान ३२ इंच, कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच, असं सगळं मोजून लिहिलेलं. खोलीत काय सोय आहे ते पुरेशा तपशिलाने सांगणं आणि ठरवलेली तीच खोली राखून ठेवणं हेही हॉटेलवर बंधनकारक आहे. तरी तिथेही मी एकदा फसले. अ‍ॅक्सेसिबल खोल्या तिथे दोन प्रकारच्या असतात. एकीत खुर्चीसकट आत जाता येईल असा सपाट शॉवर, त्याला 'रोल-इन' म्हणतात. दुसरीत बाथटब, त्याला दांडे आणि वर ठेवायची एक बैठक. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. मला टबची काठ ओलांडून पाय आत घेता येत नाहीत, म्हणजे माझ्या दृष्टीने दुसरी खोली बिनन्हाणीची. तेव्हा 'रोल-इन शॉवर' हे शब्द लेखी घ्यावेत.

पलंगाचं काय? त्या कायद्याने कमोडची उंची ठरवली, पलंगाची नाही. अलीकडे गाद्यांवर गाद्या चढवायची फॅशन आहे. माझी बैठक उशीसकट ५२ सेंटिमीटर, तिथला पलंग ७० च्या आसपास. हातांच्या जोरावर १८ सेंटिमीटर वर चढायचं, तेही मऊ गादीवर, जिथे हाताला आधारच मिळत नाही. तिथल्या सफाई करणाऱ्या बाईंनीच तोड सांगितली : गादीखालची स्प्रिंगची पेटी काढून टाका. दोघांनी मिळून ती काढली आणि पलंग माणसात आला. हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

आता विमान. तिकीट काढताना 'व्हीलचेअर हवी' एवढं सांगून भागत नाही. विमान कंपन्यांचे तीन संकेत आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, विमानाच्या आत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत न्यावं लागतं. आमच्या एजंटाने 'आर म्हणजे व्हीलचेअर' समजून पहिला संकेत टाकला. उतरलो तेव्हा विमान इमारतीपासून दूर उभं आणि दाराला शिडी. सगळे प्रवासी गेले, सफाईवाले आले, आणि मी ५० मिनिटं माझ्या आसनावर, उचलणारी गाडी येईपर्यंत. तेव्हापासून तिकिटावरची ती चार अक्षरं मी स्वतः वाचते. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत विनाशुल्क देणं २००६ च्या नियमावलीने विमानतळावर बंधनकारक केलं आहे, मात्र ४८ तास आधी कळवायला हवं.

स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यावी आणि उतरताना दारातच परत मागावी. तसं टॅगवर लिहून घ्यावं. सुटणारे भाग काढून आपल्याजवळ ठेवावेत, बैठकीची उशी तर कधीच सामानात देऊ नये. माझी उशी हवेची आहे. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो आणि ती फुगते, म्हणून थोडी हवा सोडते आणि उतरताना परत भरते. शेजारच्या प्रवाशाला वाटतं, बाई काय फुंकतायत!

खुर्चीच्या पुढे जोडायची एक छोटी मोटर मी दोन वर्षांपूर्वी घेतली. तिची लिथियम बॅटरी काढता येते, म्हणून ती केबिनमध्ये आपल्यासोबत न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॉट-तास आहे. माझ्या बॅटरीवर वॉट-तास छापलेलेच नव्हते, फक्त ३६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तास. गुणाकार २७०. हा गुणाकार कागदावर मांडून, बॅटरीच्या फोटोसकट कंपनीला आधी पाठवला आणि त्यांची लेखी परवानगी छापून पिशवीत ठेवली. सुरक्षा तपासणीत तो कागद तीनदा दाखवावा लागला. (चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना, तेही पाहून घ्यावं. जपानात वीज १०० व्होल्टची आहे.)

आणि खुर्ची मोडली तर? आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार ती सामानातच मोजली जाते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप. मापाने केलेली खुर्ची याच्या कितीतरी पट महाग असू शकते. सामान देतानाच तिची किंमत विशेष घोषणापत्रात नोंदवली तर मर्यादा वाढते, त्यासाठी जादा शुल्क पडू शकतं. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. मी तर विमानतळ सोडायच्या आधीच करते, फोटोसकट.

शहरांबद्दल एकच सांगते : मेट्रोच्या कीर्तीला भुलू नका. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. सगळ्या स्थानकांवर लिफ्ट असलेला मार्ग एकच, १४ क्रमांकाचा, तोही १९९८ मध्ये सुरू झालेला. आम्ही तिथे बसने फिरलो आणि शहर उलट जास्त पाहिलं. आयफेल टॉवरवर खुर्ची दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते, शेंड्यावर नेत नाहीत. हे आधी माहीत असेल तर वाईट वाटत नाही. लंडनच्या मेट्रोच्या नकाशावर खुर्चीची दोन चिन्हं आहेत. निळं चिन्ह असेल तर रस्त्यापासून गाडीच्या आतपर्यंत पायरी नाही. पांढरं असेल तर फक्त फलाटापर्यंत, पुढे गाडीत चढायला पायरी किंवा फट असू शकते. तिथल्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाच्या सगळ्या ४१ स्थानकांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं, आणि तिथल्या काळ्या टॅक्सीत खुर्चीसकट बसता येतं. टोकियोत स्थानकावरचा कर्मचारी घडीची फळी घेऊन गाडीपर्यंत येतो, फळी टाकतो, आपल्याला चढवतो आणि उतरायच्या स्थानकावर फोन करतो. तिथे दुसरा माणूस फळी घेऊन नेमक्या डब्यासमोर उभा! मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही रडूबाई नाही.

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक 'यूरो-की' आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली दिव्यांगांसाठीची हजारो सार्वजनिक स्वच्छतागृहं त्या एकाच किल्लीने उघडतात. अपंगत्वाचा पुरावा दाखवून ती विकत मिळते. १९८६ पासून ही व्यवस्था आहे. आपल्या लेखात त्याच देशांची सहल होती, किल्लीचा उल्लेख नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच, की पुरवणीतल्या प्रत्येक प्रवासलेखाखाली त्या चौकटीच्या जागी चार आकडे छापावेत : प्रवेशदाराशी पायऱ्या किती, सगळ्यात अरुंद दार किती, न्हाणीच्या उंबऱ्याची उंची किती, जवळच्या बस थांब्यापासून किंवा लिफ्ट असलेल्या स्थानकापासून अंतर किती. लेखक तिथे जाऊन आलेलेच असतात. खिशात टेप ठेवायला त्यांना काय जड आहे?

सध्या मी लिस्बनची तयारी करते आहे. तिथल्या एका हॉटेलला न्हाणीघराच्या दाराची रुंदी विचारून नऊ दिवस झाले होते. काल उत्तर आलं : 'होय, आमच्या न्हाणीघराला दार आहे.' मी पुन्हा लिहिलं आहे. सोबत आमच्या घरच्या दाराला टेप लावलेला फोटो जोडला आहे, असा पाठवा म्हणून.

आपली,
एक वाचक (निवृत्त गणित शिक्षिका)