डिह्युमिडिफायरचा सेन्सर वॉरंटीत बदलून देण्याबाबत

दादर (पश्चिम), मुंबई
१४ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : तापमान सेन्सर बदलून देणे आणि पीसीबीचे (इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे) अंदाजपत्रक रद्द करणे

महोदय,

९ ऑगस्ट २०२४ रोजी मी तुमच्या कंपनीचा, हवेतला दमटपणा काढणारा डिह्युमिडिफायर घेतला. एक वर्षाची वॉरंटी अजून चालू आहे. २४ जूनपासून यंत्राचा पंखा फिरतो, पण टाकीत पाण्याचा थेंब येत नाही. बर्फ वितळवण्याचा दिवा दिवसरात्र पेटलेला असतो. आतल्या, एरवी थंड होणाऱ्या कॉइलला हात लावला तर ती कोरडी आणि खोलीइतकीच कोमट. मग बर्फ आला कुठून?

तुमचा पहिला माणूस फिल्टर धुऊन, "दारं-खिडक्या लावून घ्या" असे सांगून ६५० रुपये घेऊन गेला. वॉरंटीत असलेल्या यंत्राच्या भेटीचे पैसे का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दुसऱ्या खेपेला, ५ जुलैला, जे घडले ते मी स्वतः शेजारी उभी राहून पाहिले. इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणारा माझा भाचाही होता. त्याच्या विनंतीवरून तुमच्या तंत्रज्ञाने कॉइलवरचा सेन्सर सोडवून मीटर लावला. असा १० किलोओहमचा सेन्सर २५ अंशांना १० किलोओहम दाखवतो आणि ऊब वाढली की आकडा उतरतो. खोलीत २९ अंश होते, म्हणजे साडेआठच्या आसपास यायला हवे होते. आले ३८. भाच्याने सेन्सर मुठीत घट्ट धरला, तरी आकडा जागचा हलला नाही. इतका रोध म्हणजे बोर्डाच्या दृष्टीने कॉइल शून्याच्या खाली गेलेली. म्हणून यंत्र कॉम्प्रेसर बंद ठेवून नसलेला बर्फ वितळवत बसते.

मग तंत्रज्ञाने आपल्याच पिशवीतला १० किलोओहमचा साधा रेझिस्टर सेन्सरच्या जागी लावला, म्हणजे बोर्डाला कॉइल २५ अंशांवर आहे असे वाटावे. तीनेक मिनिटांत कॉम्प्रेसर घरघरला आणि थोड्या वेळाने टाकीत थेंब पडू लागले. बोर्ड ठणठणीत आहे याला आणखी कोणता पुरावा हवा? रेझिस्टर त्याने लगेच काढून घेतला, ते योग्यच केले, कारण तो तसाच ठेवला तर कॉइलवर खरोखर बर्फ साचला तरी यंत्राला कळणार नाही. मुलगा कामाचा होता, मला त्याच्याविषयी तक्रार नाही. पण जॉबशीटवर "पीसीबी खराब, व्होल्टेजमुळे, वॉरंटीत नाही" असे लिहून आले आणि ७,४०० रुपयांचे अंदाजपत्रक हाती पडले. ऑफिसातून तसेच लिहायला सांगतात, असे तो म्हणाला.

मी गाणे शिकवते. हे यंत्र घेतले ते मिरजेच्या दोन तानपुऱ्यांसाठी. त्यातला एक माझ्या गुरूंचा. परवा गवसणी काढली तर भोपळ्यावर बुरशीची पांढुरकी साय धरलेली, जोडीच्या तारांवर गंजाचे ठिपके, आणि भोपळा दांडीला जिथे जोडलाय तिथे केसाएवढी फट. खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. यंत्र चालू असताना तो पंचावन्नच्या पुढे जात नसे. मऊ फडक्याने मी भोपळा पुसून घेतला, पण तो सांधा पूर्ण सुटला तर ते वाद्य मला पैशाने परत मिळणार नाही. अजून निम्मा पावसाळा बाकी आहे.

माझे म्हणणे एवढेच : सात दिवसांत नवा सेन्सर वॉरंटीत, विनामूल्य बसवावा. पीसीबीचे अंदाजपत्रक लेखी रद्द करावे. ६५० रुपये परत करावेत. तक्रार २४ जूनची आहे, त्यामुळे ९ ऑगस्टनंतर "वॉरंटी संपली" हे उत्तर मी मान्य करणार नाही. सात दिवसांत काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

सोबत बिल, दोन्ही जॉबशीट आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो जोडला आहे. तंत्रज्ञ पाठवताना सकाळी अकरानंतर पाठवावा, त्याआधी माझा वर्ग असतो.

आपली,
एक ग्राहक