चिखलातल्या जिवाची बातमी अर्धीच राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाणथळ मातीत मिथेन तयार करणारा नवीन सूक्ष्मजीव सापडल्याची बातमी छापलीत, खूप बरं वाटलं, पण चार ओळीत उरकलीत आणि वाचणाऱ्याला वाटणार की माती आणली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि लागला शोध. तसं नसतं हो! मी मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून सांगते, या जिवांना ऑक्सिजन अजिबात चालत नाही, त्यामुळे रबरी बूच लावलेल्या बाटलीत हवा काढून नायट्रोजन भरायचा, मीडियात, म्हणजे या जिवांना वाढवायच्या खाद्यद्रवात, रेझाझुरिन नावाचं रंगद्रव्य टाकायचं, ते गुलाबी झालं म्हणजे ऑक्सिजन शिरला, करा परत सगळं. वाढायला कधीकधी कित्येक आठवडे लागतात. पण यूव्ही (अतिनील) प्रकाशाखाली हे जीव निळसर हिरवे चमकले ना, की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग १६ एस जीन, म्हणजे अशा जिवांची ओळख पटवायला वापरतात तो जनुक, बघायचा. ओळखीच्या प्रजातींशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळला तर नवीन असण्याची शक्यता, पण तेवढ्यावर भागत नाही, पूर्ण जीनोम (सगळा जनुकसंच), हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतो की अ‍ॅसिटेटवर, तापमान किती सोसतो, हे सगळं लिहायचं आणि जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेले जीव, दोन वेगळ्या देशांतल्या सूक्ष्मजीव-संग्रहांत ठेवायचं तेव्हा कुठे नाव अधिकृत होतं. असा एक मोठा संग्रह आपल्या पुण्यातच आहे, नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स, पण किती पुणेकरांना माहितीये?

शिवाय हे मिथेन तयार करणारे जीव बॅक्टेरिया नाहीत, आर्किया आहेत, म्हणजे सूक्ष्मजीवांचं वेगळंच घराणं. १९७७ साली कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी ते ओळखलं ते या मिथेनवाल्यांवरूनच.

आणि कृपया त्याला व्हिलन करू नका. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो हे खरंय, पण गोबर गॅस यांच्याच जिवावर चालतो, आणि तशाच चिखलात मिथेन खाणारेही असतात. आपल्या आघारकर संशोधन संस्थेनेच भाताच्या शेतातून काकडीच्या आकाराचा असा एक मिथेन खाणारा बॅक्टेरिया, मिथायलोक्युक्युमिस ओरायझी, शोधलाय.

माझं म्हणणं एवढंच की नदीकाठच्या, तलावाकाठच्या ओल्या जागेवर राडारोडा पडला की माती सुकते, हवा शिरते आणि हे जीव नाव मिळायच्या आधीच संपतात. महापालिकेने कुठे भराव टाकणार ते आधी जाहीर करावं आणि कॉलेजांना नमुने घ्यायची परवानगी द्यावी, आमची मुलं चिखलात उतरायला तयार आहेत.

एक शिक्षिका, कोथरूड, पुणे