भाषणाचं शेवटचं वाक्य माइकसमोरच व्हावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सभा-समारंभांत ध्वनिव्यवस्था सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. वक्त्याचं बोलणं संपलं की माइकचा आवाज मलाच खाली घ्यावा लागतो. घाई केली तर शेवटचा शब्द तुटतो, उशीर झाला तर कागदांची सळसळ सभागृहभर ऐकू जाते. त्यामुळे भाषण कुठे संपणार, हे कान देऊन ओळखायची सवय लागली आहे. त्यातून जे सतत दिसतं, ते मनाला लागतं, म्हणून हे पत्र.

उत्तम तयारीने आलेली माणसंसुद्धा शेवटचं वाक्य म्हणता म्हणता कागद गोळा करू लागतात. मान खाली जाते, एक पाऊल मागे पडतं, आवाज उतरतो. ज्या वाक्यासाठी एवढं बोलले, नेमकं तेच मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. माझ्या हातात तेव्हा फारसं काही नसतं. तोंड माइकपासून दूर गेल्यावर आवाज वाढवला, तर माइक शिट्टी मारतो. शब्द काही स्पष्ट होत नाहीत.

दुसरा प्रकार सर्वांच्या ओळखीचा. ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणून झालं की आणखी एक मुद्दा निघतो, मग आणखी एक. श्रोत्यांनी मनातून उठायची तयारी केलेली असते. त्यानंतरचं काहीच त्यांच्यात उतरत नाही. वक्त्याला बोलायची हाव असते म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. शेवटचं वाक्य घरून ठरवून आणलेलं नसतं आणि ते उभ्या उभ्या शोधावं लागतं, हे खरं कारण.

नेल्सन मंडेला यांचं २० एप्रिल १९६४ चं प्रिटोरियाच्या न्यायालयातलं निवेदन मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. आरोपीच्या पिंजऱ्यातून ते काही तास कागदावरून वाचत होते. शेवट आला तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवले, न्यायाधीशांकडे तोंड केलं आणि अखेरचे शब्द पाठ म्हटले. सर्वांना समान संधी देणाऱ्या लोकशाही समाजाचं स्वप्न आपण जपलं आहे, त्यासाठी जगायची इच्छा आहे आणि वेळ आली तर मरायचीही तयारी आहे, असा त्याचा आशय. फाशीची शक्यता समोर असताना हे वाक्य बोलू नये, असं त्यांच्या वकिलांचं मत होतं. ते त्यांनी बोलायचं ठरवलं, आणि नजर वर ठेवून बोलले. एवढं मोठं निवेदन, पण जगाच्या लक्षात राहिला तो हा शेवट.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण संपतं कसं, तेही बघावं. लोकांनी चालवलेल्या राज्यापेक्षा लोकांसाठी चालवलेलं राज्य बरं असं वाटायला लावणारे दोष वेळीच ओळखू या, ते दूर करण्यात कमी पडू नये असा निर्धार करू या, असं एक लांब, वळणावळणाचं वाक्य आहे. त्यानंतर दोन अगदी छोटी. देशाची सेवा करण्याचा हाच एक मार्ग आहे. याहून चांगला मला ठाऊक नाही. बस्स. लांब वाक्याने ऐकणाऱ्याला विचारात ओढायचं आणि छोट्या वाक्यावर थांबायचं, यातली ताकद मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय कळत नाही. आभार नाहीत, सुविचार नाही.

स्वामी विवेकानंदांच्या ११ सप्टेंबर १८९३ च्या शिकागोतल्या भाषणाची सुरुवात सर्वांना माहीत असते. शेवटी त्यांनी त्याच सकाळी परिषदेच्या सन्मानार्थ झालेल्या घंटानादाचा उल्लेख केला आणि तो सगळ्या धर्मवेडाचा मृत्युघंटानाद ठरो, अशी आशा व्यक्त केली. समोर बसलेल्यांच्या कानात ती घंटा अजून ताजी होती. उसन्या कवितेच्या ओळीने हे कधी साधलं नसतं.

साध्या वक्त्याने काय करावं? शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहावं आणि तेवढं पाठ करावं. आभार सुरुवातीलाच मानून मोकळं व्हावं. वेळ कमी पडला तर मधला मुद्दा गाळावा, शेवट नाही. प्रश्नोत्तरं असतील तर एक वाक्य राखून ठेवावं आणि ती आटोपल्यावर बोलावं, नाहीतर सभेचा शेवट कुणाच्या तरी भलत्याच प्रश्नावर होतो. बोलून झाल्यावर लगेच हलू नये, एक श्वास तिथेच उभं राहावं.

आणि एक विनंती सूत्रसंचालकांना. स्मरणशक्तीच्या प्रयोगांत असं आढळलं आहे की शब्दांच्या यादीतले शेवटचे शब्द चांगले आठवतात, पण ऐकणाऱ्याला लगेच दुसऱ्या कामात गुंतवलं की तो फायदा जातो. भाषणाचंही तेच होत असावं, असं मला मागे बसून वाटतं. टाळ्या पुरत्या थांबायच्या आत पुढच्या कार्यक्रमाची, गाड्यांच्या पार्किंगची घोषणा करू नका. टाळ्या विरेपर्यंत मी तुमचा माइक बंद ठेवला, तर कृपया रागावू नका.

आपला,
ध्वनिव्यवस्थेचं काम करणारा एक वाचक