डब्बा चालू झाला रे!

प्रिय पक्या,

परवा फोनवर दोन मिनिटात "भंगारवाल्याला देऊन टाक" म्हणून मोकळा झालास ना, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितोय. डब्बा, म्हणजे आपला जुना कॉम्प्युटर, चालू झालाय. तोच 2008 चा, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर तंगड्या तोडून आपण घेतलेला, कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, आणि येताना एसटीत मदरबोर्डचा खोका तू मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हतास तो.

झालं काय, यात्रा आली पुढच्या महिन्यात आणि आप्पांना वर्गणीची जुनी यादी पाहिजे. कोण कोण कधीपासून "देतो देतो" म्हणून फिरवतंय ते सगळं त्यात आहे म्हणे. तू म्हणालास तसं हार्डडिस्क काढून लॅपटॉपला लावली मी, फाईल उघडलीही, पण आप्पांनी टाइप केलंय जुन्या फॉन्टात, युनिकोडच्या आधीच्या, त्यामुळे नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि खुणा. तो फॉन्ट लॅपटॉपवर काही चालेना, चालायचा फक्त डब्ब्यात, आणि डब्बा मेलेला. बटण दाबलं की पंखा पाव गिरकी घ्यायचा आणि गप्प.

आधी यूपीएस काढून डायरेक्ट भिंतीत लावला, तेच. मग वाटलं बटणच अडकत असेल, म्हणून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून बघितल्या, तरी तेच. इथल्या एका रिपेअरवाल्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, बोर्ड गेला, नवीन घ्या. झाकण तरी उघडायचंस बाबा! मी उघडलं तर आत एवढी धूळ की आईने मला मशीनसकट अंगणात हाकललं.

आता खरी गंमत. एसएमपीएसची, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या त्या खोक्याची, ती टेस्ट आठवते का, 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि काळी वायर यू-पिनने जोडायची? केली, पंखा मस्त फिरला, मी एसएमपीएसला पास करून टाकलं आणि तिथेच फसलो. त्याचे दोन दिवस गेले माझे, बोर्डाकडे संशयाने बघण्यात. पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला असं नसतंच रे, नुसता पंखा फिरवायला ताकद लागते कितीशी. शेवटी शेजारच्या वायरमनकडून मल्टीमीटर आणला आणि जांभळी वायर मोजली, स्टँडबायची, बटण न दाबताही जिच्यात 5 व्होल्ट पाहिजेत, अगदी कमी म्हणजे 4.75. आले 4.3! मग जाळीतून टॉर्च मारला तर आतल्या दोन कपॅसिटरची, वीज साठवणाऱ्या त्या नळकांड्यांची, डोकी पुऱ्यांसारखी टम्म फुगलेली. उघडला मात्र नाही हां, वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, तेवढी अक्कल आहे मला.

जुन्या बाजारात 450 रुपयांत एक एसएमपीएस मिळाला, दुकानातच लोड लावून मोजून घेतला. घरी येऊन जोडला, पंखा सुरू, आणि थांबेचना! स्क्रीन मात्र काळीच. खरं सांगतो, त्या रात्री तुझा भंगारवाला आठवला. पण झोपताना सुचलं, दोन्ही रॅम काढून चालू करून बघू. केलं, आणि आतल्या त्या बारक्या स्पीकरने लांबलचक बोंब ठोकली. पक्या, एवढा आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता, कारण "रॅम नाही" अशी तक्रार करायला बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत लागतात ना! मग पोरीचा खोडरबर घेतला, रॅमचे पिवळे पाय हलक्या हाताने पुसले, एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये कट्ट आवाज येईपर्यंत दाबली आणि डिस्प्ले आला. दुसरी पट्टी खरंच गेलीय, 1 जीबीवर चाललंय, विंडोज एक्सपीला रग्गड झालं.

बोर्डावरचा तारीख-वेळ सांभाळणारा सेल पण उतरला होता, तो रुपयाएवढा सीआर 2032, 3 च्या जागी 2.1 व्होल्ट. त्यामुळे दरवेळी एरर आणि एफ वन दाबा. बदलला, तारीख घातली, विषय संपला.

आप्पा बसले, चष्मा चढवला, म्हटलं आता यादी उघडतील. तर अर्धा तास पत्त्यांचा गेम! मग यादी काढली आणि तुमच्या घराच्या नावापुढे 2016 पासून रकाना रिकामा आहे. मी काही बोललो नाही, त्यांनीच पेन्सिलने गोल केलाय. गूगल पे कर, मी पावती फाडून ठेवतो.

आणि हो, प्रिंटर अजून ओळखत नाहीये. त्याची ड्रायव्हरची सीडी तुझ्या त्या निळ्या पाऊचमध्ये होती बघ. येताना आण, नाहीतर अडीचशे नावं मला हाताने उतरवायला लावतील.

वहिनींना नमस्कार, पोराला पापा.

तुझाच,
बाळ्या